पोढी

आठव्या दिवशी सिमेंटची खपली सुटली
आणि खाली मूळ दगड लागला.
ओला नव्हता,
पण गार होता.

कुणीतरी कधीतरी डागडुजी म्हणून बुजवली होती ही खाच.
जुन्या फाइलीत कारण सापडलं:
पाणी वाहून पायऱ्या निसरड्या होतात,
पर्यटक घसरतात.

खाच बोटभर रुंद. कातळाच्या उतारानं
कुठं घाई नाही, कुठं आळस नाही,
अशी उतरत येते कान्हेरीच्या माथ्यावरून
आणि लेण्याच्या दाराशी डावीकडे वळून पोढीत शिरते.
पहिला गाळ पडावा म्हणून आधी एक छोटा खळगा.
तोही बुजवलेला.
आम्ही त्यातून काढली एकशे बारा झाकणं, एक चष्मा,
आणि बिनकुलपाची किल्ली.

वरच्या लेखात दात्याचं नाव झिजलंय.
खोदणाऱ्याचं तर मुळात नव्हतंच.
उरलंय ते एवढंच:
देयधम. पोढी.
मी अहवालात लिहिलं होतं 'जलकुंड'.
ते खोडलं.

रविवारी बाबा आले.
हरेश्वर भोईर, निवृत्त चावीवाले, कुर्ला विभाग.
चौतीस वर्षं पहाटे चार दहाला
रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून
चावी फिरवायचे. छप्पन्न फेरे.
पन्नासच फिरवले तर
टेकडीवरच्या शेवटच्या नळाला पाणी नाही,
नुसती शीळ.
गुडघ्याला पट्टा बांधून चढले
आणि पोढीच्या काठाशी उकिडवे बसून म्हणाले,
शेवटचा नळ कुठला इथं?

मला उत्तर आलं नाही.

चाचणीचं पाणी फाटकाशी टँकरमधून घेतलं,
सहा कॅन, जान्या वरठाच्या खांद्यावरून वर.
त्यानं माथ्यावर ओतलं, हळू, सांगितल्यासारखं.
बाबांनी पिशवीतून सळई काढली,
रात्री रस्त्याला टेकवून, दुसरं टोक कानाला लावून
जमिनीखालची गळती ऐकायची ती.
मी ओरडले, लोखंड नको, वारसा आहे हा!
जान्यानं आपली काठी पुढं केली.
बांबू कातळावर, बाबांचा उजवा कान बांबूवर
(डावा रहदारीनं केव्हाच खाल्लाय).

चाललंय, म्हणाले.
वळलं.
मग गप्प.
मग, फुटलंय. इथून दोन हात पुढं.

खळगा भरला, पोढीत मात्र थेंब नाही.
केसाएवढी भेग, दगडाच्या पोटात,
सिमेंटच्या आधीची की सिमेंटमुळे, कोण सांगणार.
जान्या हसला.
खाली उंबराच्या मुळांपाशी जातं ते, म्हणाला,
चैत्रात तिथं ओल असते, माकडं चाटतात,
आमचा म्हातारा तिथंच द्रोण लावायचा.

मी टॅबलेट उघडला.
रकाना अकरा: गळती. दुरुस्तीची निकड: तातडीची / मध्यम / नाही.

बाबा काठीशी खेळत होते.
कुर्ल्याला एक जोड होता, म्हणाले,
चार वर्षं गळत होता.
मी कळवलंच नाही.
का?
खाली रोज एक कळशी ठेवलेली असायची.
कुणाची, कधी बघितलं नाही.
बघितलं असतं तर लिहावं लागलं असतं.

ऊन उतरायला लागलं.
तिकडं खाली हीच वाट पुढं दहिसर नदी होते,
मग तबेल्यांच्या शेणातून, भिंतींच्या मधून
नाला म्हणवून घेत खाडीला मिळते.
शहराला तिच्याबद्दल सगळं ठाऊक आहे.
रुंदी, गाळाचे टन, कंत्राटाची रक्कम.

आम्ही उरलेला कॅन उचलला.
अर्धा जान्यानं प्यायला,
अर्धा बाबांनी खाचेत ओतला,
कान न लावता, नुसतं बघत.

रकाना अकरा अजून कोरा आहे.
मुख्यालयातून दोनदा फोन आला.